चाकं घासून घासून थकलो, तरी मॉडेल रेल्वेचे जुने डबे परत अडखळतात, परत काळे-पांढरे पडतात: नेमकं कुठे बघायचं

जुना डबा हातात आला, धुतला, चाकं चकाचक घासली, दोन आठवडे मस्त पळाला आणि मग परत तेच, एक चाक फिरायचं सोडून घसटत चाललंय, वळणावर डबा रुळावरून उतरतोय, चाकाच्या कडेला काळा थर. परत घासायचं, परत दोन आठवडे. ज्यांच्याकडे हे होतंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी स्वतः एका जुन्या संचातले सात डबे वर्षभरात चार वेळा साफ केले आणि चौथ्या वेळी कुठे लक्षात आलं की घाण जिथे दिसते तीच जागा मी दरवेळी पुसतोय, ती जिथून येते तिथे हातच लावलेला नाहीये.

तर पहिली गोष्ट, फडकं उचलायच्या आधी घाणीचा रंग बघा. कोरा पांढरा कागद घ्या, डबा त्यावर ठेवून हलका दाब देऊन एक वीतभर पुढे ढकला आणि भिंगातून रेघ बघा. काळी, चमकणारी, बोटाला चिकटणारी रेघ आली तर ते तेल, धूळ आणि धातूची बारीक पूड. तपकिरी कोरडी भुकटी आली तर गंज, म्हणजे चाकाचा किंवा आसाचा मुलामा गेलाय आणि आतलं लोखंड उघडं पडलंय. हिरवट आणि मेणासारखं काही आलं तर कुठेतरी पितळ किंवा तांबं आहे आणि त्यावर जुनं ग्रीस वर्षानुवर्षं बसलंय, ग्रीसमधली आम्लं तांब्याला खातात आणि तो हिरवा चिकटा तयार होतो. आणि पांढरी पावडर आली तर थांबाच, तिथे घासण्याचा प्रश्नच नाही, ते प्रकरण वेगळं आहे, खाली सविस्तर लिहिलंय.

काळ्या थराची गोष्ट आधी, कारण नव्वद टक्के तक्रारी तिथेच असतात असं मला तरी वाटतं. रुळातून करंट जातो, इंजिनाची चाकं आणि दिवेवाल्या डब्यांची चाकं तो उचलतात, आणि चाक नि रूळ यांच्यात सतत अगदी सूक्ष्म ठिणग्या पडत असतात. त्यातून धातूचं ऑक्साइड तयार होतं, त्यात हवेतली धूळ आणि कुठूनतरी आलेलं तेल मिसळतं आणि मग बाकीचे साधे डबे, ज्यांचा करंटशी काही संबंध नाही, तेच या चिखलावर रोलरसारखे फिरतात, उचलतात, दाबून घट्ट करतात आणि पुढच्या रुळावर पसरवतात. म्हणजे सात डब्यांपैकी तुम्ही चार साफ केले आणि तीन तसेच ठेवले तर दोन दिवसांत सातही परत काळे. रूळ न पुसता फक्त चाकं पुसली तरी तेच. हे एकाच बैठकीत करायचं काम आहे, सगळे डबे, इंजिन आणि अख्खा रूळ, नाहीतर करूच नका, मेहनत वाया जाते.

त्यातही जुन्या संचात प्लास्टिकची चाकं असतील तर गुन्हेगार बहुतेक तीच असतात. प्लास्टिकच्या चाकावर हा थर धातूच्या चाकापेक्षा लवकर आणि जाड बसतो, कधी कधी इतका की चाकाची गोलाईच बिघडते आणि डबा उड्या मारत चालल्यासारखा दिसतो. लाकडी टूथपिक आडवी धरून चाक फिरवलं की तो थर अख्ख्या पट्टीसारखा सुटून येतो, बघायला फार समाधान वाटतं. पण पळवायचाच डबा असेल तर माझं मत सरळ आहे, धातूची चाकं बसवा आणि मूळची चाकं डब्याचं नाव लिहून पॉलिथिनच्या पिशवीत जपून ठेवा, फेकू नका, पुढे कुणाला मूळ स्वरूपात हवा असेल तर लागतील. बसवताना एक बघा, दोन रुळांच्या पद्धतीत (एका रुळातून करंट येतो, दुसऱ्यातून परत जातो) चाकांची किमान एक बाजू आसापासून इन्सुलेटेड असावी लागते, तीन रुळांच्या जुन्या गाडीची अख्खी धातूची जोडी दोन रुळांवर टाकलीत तर थेट शॉर्ट. हॉर्नबी डब्लो ही ब्रिटिश मॉडेल रेल्वे 1938 साली तीन रुळांवर आली आणि 1959 ला दोन रुळांवर गेली, त्यामुळे एकाच नावाच्या डब्यांत दोन्ही प्रकारची चाकं सापडतात, नाव बघून गृहीत धरू नका, मल्टिमीटर लावून बघा.

आता कशाने पुसायचं. इथे मी पहिल्या वर्षी मोठी चूक केली. 400 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन चाकं घासली, अर्ध्या तासात आरशासारखी झाली आणि मला वाटलं जिंकलो. पण त्या कागदाने चाकावर बारीक ओरखडे पडतात, त्या खाचांमध्ये घाण आधीपेक्षा घट्ट बसते, आणि जुन्या चाकांवरचा पातळ मुलामा निघून जातो तो गेलाच. माझ्या तीन डब्यांच्या चाकांवर पुढच्या पावसाळी दमट हवेत तपकिरी ठिपके आले ते याच्यामुळेच. तेव्हा घासणारं काही नको. तारेची घासणी, स्टील वूल तर इंजिनाजवळ आणूच नका, त्याचे तुकडे मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. लाकूड, सुती कापड आणि द्रावण एवढ्यावर काम होतं, अगदीच हट्टी डाग असेल तर धातूचं पॉलिश कापडावर घेऊन, आणि नंतर ते पॉलिश पूर्ण धुऊन काढायचं.

द्रावणाबद्दल हौशी लोकांत दोन तट आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) सगळेच वापरतात, तेलकटपणा छान काढतं, पटकन उडून जातं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की आयपीए किंवा ॲसिटोनसारख्या ध्रुवीय द्रावणांनी पुसलेला धातू लवकर काळा पडतो आणि रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन अशा अध्रुवीय द्रावणांनी पुसलेला जास्त दिवस टिकतो. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे द्रावण किती ध्रुवीय आहे याचा ढोबळ आकडा, बघितला तर रॉकेलचा 2 च्या आत आणि आयपीएचा 18 च्या वर, फरक मोठा आहे खरा. मी दोन्ही करतो, आधी आयपीएने कीट काढतो आणि शेवटचा हात मिनरल टर्पेंटाइनचा, कोरड्या कापडाने लगेच पुसून. माझ्याकडे यानंतर मधला काळ बराच वाढला. पण हे फक्त डब्यातून बाहेर काढलेल्या धातूच्या चाकांवर हां, डब्याच्या प्लास्टिकवर टर्पेंटाइन नको, ताण असलेल्या जागी तडे जाऊ शकतात, आणि ॲसिटोन तर त्या टेबलावरच नको, पॉलिस्टायरीन जातीचं प्लास्टिक डोळ्यांदेखत विरघळतं. आणि कुठलंही द्रावण असो, कापडाची जागा दर पुसण्याला बदला, एकाच काळ्या कापडाने पुसणं म्हणजे घाण पातळ करून सारवणं.

एवढं करूनही परत परत तेच होत असेल तर मग आसाच्या टोकाकडे या, मला उत्तर तिथे सापडलं.

चौथ्या वेळी मी एका मालडब्याची बोगी (म्हणजे डब्याखालची चाकं धरणारी चौकट) खोलली आणि आस बाहेर काढला. आस ज्या भोकात फिरतो त्या भोकात टूथपिक घालून फिरवली तर टोकावर तपकिरी, डिंकासारखं काहीतरी आलं, ताणलं की तार निघत होती. ते जुनं तेल, वर्षानुवर्षांत सुकून वार्निशसारखं झालेलं. आणि चाकाच्या मागे आसावर गालिच्याचे धागे आणि एक लांब केस गच्च गुंडाळलेला, चार-पाच वेढे, तेलाने भिजून काळा झालेला. आता बघा काय होतं, मी वरून तेलाचा थेंब टाकायचो कारण चाक जड फिरतंय, तो थेंब आतला डिंक थोडा सैल करायचा म्हणून दोन आठवडे डबा पळायचा, मग तो धागा दिव्याच्या वातीसारखा तेल ओढून चाकाच्या मागच्या बाजूला आणायचा, तिथून कडेवर, तिथून रुळावर, आणि रुळावरून बाकीच्या सहा डब्यांवर. म्हणजे मीच तेल घालून घाण बनवत होतो.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी आस बाहेर, मग टोकदार चिमटा आणि छोटं ब्लेड घेऊन धागे-केस कापून काढायचे, ओढायचे नाहीत. मग भोकात द्रावणात बुडवलेली टूथपिक फिरवायची, पुसायची, नवीन टूथपिक, परत, टोक स्वच्छ निघेपर्यंत, माझ्या पहिल्या डब्याला एका भोकाला अकरा टूथपिक लागल्या. आस काढताना प्लास्टिकची बोगी असेल तर तिच्या बाजू हलक्या फाकवाव्या लागतात, जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, तेव्हा आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. पत्र्याची बोगी थोडी वाकते, परत वाकवता येते. पण जस्ताची ओतीव बोगी अजिबात वाकत नाही, ती कट्कन तुटते, तिथे जोर लावायचाच नाही, स्क्रू किंवा रिवेट कुठे आहे ते शोधा, आणि नाहीच निघाला आस तर तसाच जागेवर साफ करा.

तेल परत घालायचं का? धातूवर धातू फिरत असेल तर हो, शिलाई मशीनचं पातळ तेल, पण बाटलीतून थेंब नाही, टाचणीचं टोक तेलात बुडवायचं, झटकायचं आणि उरलेलं लावायचं, तेवढंच. धातूचा आस प्लास्टिकच्या भोकात फिरत असेल तर कोरडंच ठेवा, ॲसिटल जातीचं प्लास्टिक मुळात घसरतं असतं, त्याला तेल नको, फार तर ग्रॅफाइटची पूड चिमूटभर. फक्त ग्रॅफाइटमधून वीज वाहते हे लक्षात ठेवा आणि इन्सुलेशनच्या जागी जाऊ देऊ नका.

आस बाहेर काढलाच आहे तर दोन चाकांमधलं आतलं अंतरही मोजून घ्या. एचओ आणि ओओ या मॉडेल रेल्वेच्या दोन मापांत दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटरच, आजच्या सांध्यांसाठी (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण 14.4 च्या आसपास लागतं, जुन्या डब्यांत ते बऱ्याचदा कमी असतं आणि मग डबा सरळ रुळावर ठीक पण सांध्यावर दरवेळी उतरतो. लोक याला घाण समजून चाकं घासत बसतात. वजनाचंही तसंच, रिकामा हलका डबा कितीही स्वच्छ असला तरी उड्या मारणार. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेची एचओसाठी शिफारस आहे, आधी 1 औंस आणि मग लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे 6 इंचाच्या डब्याला 4 औंस, साधारण 113 ग्रॅम.

आणि वजनावरूनच पांढऱ्या पावडरीकडे येतो. माझ्या एका बंद मालडब्याची एक बाजू हळूहळू फुगत होती, मी वर्षभर समजत होतो की प्लास्टिक उन्हाने वाकलंय, आणि तळाच्या फटीतून येणारी पांढरी भुकटी दरवेळी ब्रशने झटकून टाकत होतो, उघड्या हाताने, तोंड जवळ नेऊन. शेवटी तळ उघडला तर आत आधीच्या कुणीतरी शिशाच्या गोळ्या पांढऱ्या लाकडाच्या गोंदात बसवलेल्या होत्या. हा गोंद म्हणजे पीव्हीए, त्यातून ॲसेटिक आम्लाचा अंश सुटत राहतो, शिसं त्याच्या संगतीत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरं लेड कार्बोनेट बनतं आणि ते मूळच्या शिशापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून डब्याला आतून फाडतं. आणि ती भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, व्हॅक्यूम लावू नका, ब्रशने उडवू नका, हातमोजे घालून, मास्क लावून, ओल्या टिशूने टिपून पिशवीत बंद करा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. मी सगळं काढून त्या जागी रंग दिलेले स्टीलचे वॉशर इपॉक्सीने चिकटवले. फुगलेली बाजू पूर्ण सरळ झाली नाही, पण वाढणं थांबलं.

दुसरी पांढरी पावडर जस्ताची. ओतीव भागावर नुसती पांढरट बुरशीसारखी झाक असेल, खाली धातू सपाट आणि घट्ट असेल तर तो वरवरचा गंज, कोरड्या मऊ ब्रशने जातो. पण बारीक तडे दिसत असतील, कडा फुगलेली असेल, भाग वाकडा झाला असेल तर ती जस्ताची कीड, इंग्रजीत झिंक पेस्ट म्हणतात, पेस्ट म्हणजे कीडच. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहिला की दमट हवेत धातूच्या कणांच्या मधल्या सीमा आतून झिजत जातात, भाग फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. न्यू जर्सी झिंक कंपनीने 1929 साली झामाक मिश्रधातू आणला त्यात अतिशय शुद्ध जस्त हाच मुद्दा होता, पण खेळण्यांच्या ओतकामात भेसळ होत राहिली, म्हणून 1930 च्या दशकातल्या लायोनेल असो, मार्कलिन असो, हॉर्नबी असो, कुठल्याही कंपनीच्या गाड्यांची ओतीव चाकं आणि बोग्या आज फुगलेल्या सापडतात. याला औषध नाही. एका डब्यावरून दुसऱ्यावर ती पसरत नाही, ती भीती काढून टाका, पण रंग लावून किंवा गोंद भरून ती थांबतही नाही. त्या भागाची नक्कल मिळत असेल तर बदला आणि तो डबा रुळावर पळवू नका. आणि जस्ताच्या कुठल्याही भागाला व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचं पाणी लावू नका, लोखंडाच्या आसाचा गंज त्याने छान निघतो पण जस्ताला ते खाऊन टाकतं.

आता खोकं. पांढरं किंवा हिरवं दर काही महिन्यांनी परत येतंय आणि वरचं सगळं केलंय, तर डबा जिथे ठेवताय तिथे नाक लावा. व्हिनेगरसारखा वास आला तर जुन्या खिडक्यांचं किंवा बॉडीचं सेल्युलोज ॲसिटेट कुजतंय, कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड आहे, ते फार पटकन पेट घेतं, दिव्याजवळ किंवा हीटरजवळ ठेवू नका. या दोन्हींमधून आम्लाच्या वाफा निघतात आणि बंद खोक्यात त्या शेजारच्या पितळ, जस्त, शिसं सगळ्याला खातात. असा डबा वेगळा काढा, हवा खेळती राहील असा ठेवा. ओक लाकडाचं कपाट, एमडीएफचे खण, जुना आम्लयुक्त पुठ्ठा यातूनही तसंच होतं. मूळचं खोकं जपा पण डबा त्यात कायमचा कोंबू नका, आम्लमुक्त टिशूमध्ये गुंडाळून वेगळा ठेवा. आणि फोम! पिवळा पॉलियुरेथेन फोम काही वर्षांनी चिकट चुरा होतो आणि रंगावर असा बसतो की काढताना रंगच निघतो. माझ्या एका प्रवासी डब्याच्या छतावर फोमच्या जाळीची नक्षी कायमची उमटली आहे. सिलिका जेलची पुडी टाका आणि आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत, त्याहून महत्त्वाचं म्हणजे सतत वर-खाली न होणारी ठेवा.

बॉडी धुण्याबद्दल थोडक्यात, कारण इथे प्रश्न परत येण्याचा नसतो, एकदा गेलं की गेलं असा असतो. प्लास्टिकचा डबा कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. छापील पत्र्याचा डबा बुडवायचा नाही, दुमडलेल्या जिभल्यांमध्ये पाणी अडकतं आणि आतून गंजतो, ओलसर कापड आणि लगेच कोरडं. बेकलाइटमध्ये लाकडाचा भुसा असतो, तेही भिजत ठेवू नका. पाण्याने चिकटवलेली अक्षरं पाण्यानेच सुटतात. आणि रबरी शिक्क्याने छापलेली अक्षरं सगळ्यात नाजूक, गरम ठशाची अक्षरं थोडं सहन करतात पण शिक्क्याची नाही, मी एका डब्यावर आयपीएचा इअरबड एकदा, फक्त एकदा फिरवला आणि डब्याचा नंबर त्या कापसावर आला. तेव्हापासून काहीही लावण्याआधी तळाला न दिसणाऱ्या जागी टिपून बघतो आणि पाच मिनिटं थांबतो, आणि अक्षरांच्या भोवतीनं जातो, अक्षरांवरून नाही.

दिवे असलेल्या डब्यात लुकलुक होत असेल तर चाकं घासायच्या आधी करंट उचलणारी पितळी पट्टी बघा, ती आसाला जिथे टेकते तिथे तेल अजिबात नको.

शेवटी डबा खरंच बरा झाला का हे कसं कळणार, तर मी एक मीटरची फळी घेतो, तिच्यावर सरळ रूळ ठोकलेला आहे, एका टोकाखाली अडीच सेंटीमीटर जाडीचा ठोकळा, म्हणजे चाळीसात एक असा उतार. डबा वरच्या टोकाला ठेवून सोडायचा, न ढकलता. स्वतःहून निघाला आणि खालपर्यंत न थांबता गेला तर पास. मग उलटा फिरवून परत, कारण बऱ्याचदा एकाच दिशेला अडकतो आणि ते एका भोकातल्या डिंकाचं काम असतं. त्या दिवशीची तारीख आणि कागदावरच्या रेघेचा रंग डब्याच्या चिठ्ठीवर लिहितो, दर महिन्याला परत कागदावर ढकलून बघतो. सातातले पाच डबे आता चौदा महिने झाले, रेघ उमटतच नाही. सहावा तो फुगलेला, तो शेल्फवर आहे. सातव्याची रेघ अजून किंचित हिरवी येते, त्याच्या बोगीच्या आत कुठेतरी पितळी बुश आहे जिथे टूथपिक पोचत नाही, या रविवारी त्याची रिवेट काढणार आहे.